खिडकीतली बाई

सगळं गाव रोज एकच स्वप्न बघतं आणि त्यातून एकेक माणूस नाहीसं होतं, अशी ती जुनी विचित्र मालिका. कॉलेजात एका खोलीत दाटीवाटीने बसून बघितलेली. आता चौघी मैत्रिणींनी ती पुन्हा लावली होती, भर दुपारी, आपापल्या घरी, फोनवरच्या ग्रुपवर गप्पा मारत. चौघींतली एक नुकतीच आई झालेली. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपलं की ही पडदे ओढून सोफ्यावर बसायची, आणि घडीघडीला मालिका थांबवून बाळाचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायची.

"पुन्हा उठलीस? अगं, आई झालीयस की पहारेकरी?" मैत्रिणींनी चिडवून इतका जीव खाल्ला की आज तिने जिवाचा धडा केला. भाग संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

अंधाऱ्या गल्लीचं दृश्य आलं आणि ती दचकली. तिने ग्रुपवर लिहिलं, "त्या काळ्या खिडकीत मूल खांद्यावर घेतलेली बाई आधी होती का गं?"

"कुठली बाई? तो भाग तोंडपाठ आहे आम्हाला. खिडकी रिकामी असते."

तिने दृश्य थांबवलं, टीव्हीचा फोटो काढला आणि पाठवला. तिकडून हसण्याचा नुसता पाऊस पडला.

"वेडाबाई, ती खिडकीत नाही, टीव्हीच्या काचेत दिसतेय! सोफ्यामागे तूच उभी आहेस, बाळाला खांद्यावर टाकून. वाटलंच होतं, तुला बसवणार नाही!"



ती सोफ्यावरून अजून उठलीच नव्हती.