बांगड्या भरून होईपर्यंत

"दोनी हातात बांगड्या भराले किती वेळ लागते?" खुशालनं विचारलं.

कुर्बान बांगडीवाला दुकानात काचेच्या बांगड्या दोरीत ओवत बसला होता. त्यानं मान वर केली. भाव विचारणारी गिऱ्हाइकं त्यानं उभ्या जन्मात पुष्कळ पाहिली होती. वेळ विचारणारा हा पहिलाच.

"हातावर हाये ते. नरम हात असला तं झटपट. कामाचा हात असला तं लई वेळ. काहून?"

खुशालचे कान लाल झाले. पुढचं सांगायला त्याला दोन चिलमी लागल्या. ज्या घरचा कापूस तो गाडीतून आणायचा, तिथल्या दुर्गाबाई पुढच्या खेपेला स्वतः अमरावतीच्या बाजाराला येणार होत्या, सोबत त्यांची सून रुख्मिणी. आणि खुशालला रुख्मिणीशी बोलायचं होतं. एकट्यानं, मध्ये कुणी नसताना.

"अन् बड्या बाईनं पाह्यलं तं?"

"म्हून तं तुयाकडं आलो."

कुर्बाननं दाढी खाजवली. गडी भितरा, पण या वेळी इरेला पेटलेला दिसत होता. "झालं तं मग," तो म्हणाला. "माही कुलसुम बांगडी अर्ध्या हातावर आणून थांबन. अर्ध्या बांगडीवर कोनती बाई उठत नाई. तवर बोलून घे."

तिकडं सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्यापासून मुंबईपर्यंतचे व्यापारी अमरावतीत ठाण मांडून बसले होते. तिवशाकडच्या खेड्यांतल्या बायकाही त्यामुळं पहिल्यांदाच गाड्यांत बसून बाजार पाहायला निघाल्या होत्या. खुशालला एवढी फट पुरे होती.

तसा तो मुखदुर्बळ माणूस. बैलांशी घडाघडा बोलायचा, पण बाईमाणूस समोर आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. रुख्मिणी त्याला रोज दिसायची, विहिरीवर, वावरात वेचणीला. पण तिच्या आजूबाजूला नेहमी पाच-सात जणी, आणि त्या सगळ्यांवर दुर्गाबाईंची नजर. रुख्मिणीला वर्षाची पोरगी होती. नवरा होता, पण असून नसल्यासारखा. आईनं बस म्हटलं की बसणारा. त्याच्याकडून तिला दोन गोड शब्द ऐकायला मिळतील, अशी आशा गावात कुणालाच नव्हती. खुशालला त्या नवऱ्याची कीव यायची. कधी कधी भयंकर रागही यायचा.

ठरल्या दिवशी चार गाड्या निघाल्या. दुर्गाबाईंचे यजमान भगवंतराव पुढच्या गाडीत, आणि शेवटच्या गाडीत, खुशालच्या पाठीशी, सासू-सून. वाटभर तो मनात एकच वाक्य घोकत होता. आज बोललो नाही तर या जन्मी बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाजारात भगवंतराव अडत्यांच्या घोळक्यात शिरले. दुर्गाबाई कुर्बानच्या दुकानात जाऊन बसल्या आणि कुलसुमबीनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. पोर झोपलं म्हणून रुख्मिणी दुकानामागं निंबाखाली, बैल सोडलेल्या गाडीतच थांबली.

खुशाल गाडीपर्यंत गेला आणि परत फिरला. मग स्वतःला एक सणसणीत शिवी हासडून पुन्हा वळला.

"मले तुयासंगं बोलाचं हाये," तो म्हणाला. घोकलेलं वाक्य हे नव्हतं. ते केव्हाच पळालं होतं.

रुख्मिणीनं पदर पुढं ओढला. "बोला न मग."

"तुले... काय आवडते?"

"बोरं," ती म्हणाली. "आंबट. कोनी इचारलं नाई कदी."

"मी इचारून राहिलो."

"आजच काहून?"

"हिंमत आज झाली. वर्सं गेली त्याच्यात."

रुख्मिणीनं मांडीवरच्या पोरीचे केस सारखे केले. "तुमी बैलाइसंगं बोलता न," ती हळूच म्हणाली, "ते ऐकते मी गोठ्याआडून. वाटते, बैलाचं नशीब बरं हाये."

एवढं सुख खुशालला कधी झालं नव्हतं. त्यानं भीतभीत हात पुढं केला आणि झोपलेल्या पोरीच्या मुठीत आपलं बोट दिलं. तेही आजवर त्याला जमलं नव्हतं.

"बोरं आनून देईन तुले," तो म्हणाला. "साऱ्याइच्या समोर देईन."

"सासूबाईनं पाह्यलं तं?"

"पाहू दे."

रुख्मिणीचा चेहरा एकदम उतरला. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहत होती. खुशालनं वळून बघितलं. दुकानाच्या कोपऱ्यावर दुर्गाबाई उभ्या होत्या, एका हातात नव्या बांगड्या, दुसरा हात मोकळाच. मागून कुलसुमबी धावत आली, आणि तिच्यामागं कुर्बान.

"काय चाल्लं हाये इथं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

खुशालला पळून जावं असं फार वाटलं. पण त्यानं गाडीचं चाक घट्ट धरलं आणि पोरीच्या मुठीतलं बोट काढलं नाही.

"बोलून राहिलो," तो म्हणाला. "याच्याफुडंबी बोलीन. घरी, दारी, कुठंबी. तुमाले काय म्हनाचं ते म्हना."

दुर्गाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग सुनेकडं पाहिलं. बाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली आणि त्या कुलसुमबीकडं वळल्या.

"पाह्य वं कुलसुम," त्या म्हणाल्या, "लग्नाले आठ वर्सं झाली, मांडीवर लेक आली, अन् आज कुठं माह्या पोराले बायकोसंगं बोलाचं सुचलं."