भोवऱ्याची जागा

“चढायचं कसंही चालेल, उतरताना मात्र गुडघे वाकवायचे,” असं म्हणत पायलटने सरांचा हात धरला आणि त्यांना वेताच्या टोपलीत ओढून घेतलं. नात केव्हाच आत चढली होती.

“आजोबा, पाय लटपटताहेत तुमचे.”

“थंडीने.”

“हो का? मग मला नाही ती वाजत!”

तिने अंगातलं जाकीट काढून कोपऱ्यात भिरकावलं. पायलटने ते उचललं, बाह्या आत घेऊन नीट चौकोनी केलं आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवलं. मग त्याने ज्वाळा सोडली. डोक्यावरचं प्रचंड कापड ताठ झालं आणि जमीन काही न सांगता खाली निघून गेली.

सरांनी चेहऱ्यावरून त्याला ओळखलंच नसतं. दाढी, टोपी, जाड हातमोजे, आणि मध्ये गेलेली पस्तीस वर्षं. पण नातीच्या शिबिराची चौकशी करायला फोन केला, तेव्हा ऑफिसातल्या बाई सहज म्हणाल्या होत्या, “बलून उडवणारा आमचा पायलट तुमच्याच शाळेचा बरं का. आठवीत इथेच आला होता. सात नंबरच्या तंबूत होता म्हणतो.” नाव विचारायचं सरांना सुचलंही नाही. सात नंबरच्या तंबूत दोनच मुलं होती. एक अबोल, शेवटच्या बाकावरचा. दुसरा बलूनच्या नावाने वेडा झालेला. वहीच्या समासात बलून, बाकावर बलून, भूगोलाच्या पेपरात वाऱ्यांच्या उत्तराखालीही बलून. एका जागी ठरत नसे म्हणून सरांनीच त्याचं नाव भोवरा ठेवलं होतं.

सकाळी फाटकाशी सरांनी हाक मारली होती, “भोवऱ्या, ओळखलंस का रे?”

पायलट जागच्या जागी थबकला. मग “सर,” एवढंच म्हणाला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“डोळे उघडा की, आजोबा! डोळे मिटून भूगोल होत नाही.”

सरांनी उघडले. खाली तंबूंची रांग, पलीकडे तळं, तळ्यावर धुकं. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर खडूने वारे काढले होते. आज पहिल्यांदाच ते त्या वाऱ्यात उभे होते.

“पण वारा लागत का नाही?” नातीने विचारलं.

“कारण आपण त्याच्याबरोबरच चाललोय,” सर आणि पायलट एकदमच म्हणाले.

“मीच शिकवलं ना रे हे तुला?”

“तुम्हीच, सर.”

सरांनी टोपलीची कड घट्ट धरली. “मग आता न शिकवलेलं सांगतो. तूही ऐक गं. मोठ्यांच्या चुका मुलांनी ऐकलेल्या बऱ्या.”

नात सरकून आजोबांच्या शेजारी उभी राहिली.

“त्या शिबिरात टोपलीत जागा कमी होत्या. प्रत्येक तंबूतून एकानेच वर जायचं, असं मी ठरवलं. चिठ्ठ्या टाकल्या. तुमच्या तंबूत तुझी निघाली. तू असा नाचलास की तंबूचा खुंटा उपटलास. आणि सकाळी बलूनवाल्यांचा लायटर सापडेना. तो निघाला तुझ्या पिशवीत.”

पायलटने हात वर करून ज्वाळा सोडली. बराच वेळ सोडली. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. सर थांबले. वर्गातल्या गोंगाटातही ते असेच थांबत.

“तू म्हणालास, मी नाही घेतला. तीनदा म्हणालास. मी म्हणालो, तोंड वर करून खोटं बोलू नकोस. तुझी जागा तंबूतल्या त्या दुसऱ्या मुलाला दिली आणि तुला माझ्याशेजारी उभं केलं. बलून दिसेनासा होईपर्यंत तू एकदाही वर पाहिलं नाहीस. सुट्टीनंतर तुझ्या वहीतले समास कोरे होते. ती वही मी तपासली रे. खाली ‘स्वच्छ’ असा शेरा दिला.”

खालून कुठल्यातरी कुत्र्याचं भुंकणं अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“घेतला असशील, नसशील. मी नीट विचारायला हवं होतं. तू खोडकर, म्हणून तूच, असं मी धरून चाललो.”

“मग सॉरी म्हणा ना, आजोबा,” नात हळूच म्हणाली.

“तेवढ्यासाठीच तर आलोय.” सर पायलटकडे वळले. “चुकलं माझं, बाळा.”

पायलट समोरच्या माळाकडे बघत होता. “उतरायचंय, सर. गुडघे वाकवा.”

टोपली दोनदा आपटली, कलली आणि गवतात थांबली. नात उडी मारून जमिनीवर पसरणाऱ्या कापडाकडे धावली. सर मात्र टोपलीतच टेकून राहिले. त्यांना एकदम हलकं वाटत होतं.

“तू बलून उडवतोस, हे कळलं ना, तेव्हा जिवात जीव आला बघ,” ते म्हणाले. “म्हटलं, मी अडवलं, तरी माझा भोवरा वर गेलाच.”

पायलटने हातमोजे काढले. एकावर एक ठेवले, बोटांना बोटं जुळवली, मधोमध दुमडले.

“सर, त्या दिवशी वरून तुम्ही दोघं खडूच्या तुकड्यांएवढे दिसत होतात,” तो म्हणाला. “त्याने एकदा तरी वर बघावं, म्हणून मी सारखा हात हलवत होतो. लायटर मी ठेवला होता त्याच्या पिशवीत.”