पहिल्या प्रयत्नाचा माणूस

जिना चढून रोशनी वर आली आणि दारातच थबकली. बाकड्यावर कैलास बसला होता.

मांडीवर फाईल, बुटांना पॉलिश, कपाळावरचे केस जरा मागे हटलेले. पण चेहरा तोच, फोटोतला. तो येणार हे तिला आधीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि माणूस समोर दिसणं वेगळं. आता याच्यासमोर इंटरव्ह्यूला बसायचं होतं. जागा एकच होती.

तो सरकून बसला. “या, बसा. तुमी बी इंटरव्ह्यूलेच न?”

“हो जी.” पुढे जायचं सोडून रोशनी तिथेच टेकली.

सिंदी रेल्वे या गावात कैलास म्हणजे काय चीज होती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. सीएची परीक्षा भल्याभल्यांना रडवते. ती ह्या पठ्ठ्यानं पहिल्याच प्रयत्नात काढली. बसस्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला. उन्हापावसात तो पांढराफटक पडला, तरी उतरवायची कुणाची हिंमत झाली नाही. पोरगं सीएला बसलं की आईबाप त्याला आधी कैलासच्या घरी नेत. कैलास पुण्याला नोकरीवर, म्हणून त्याची आई आनंदाबाई त्याच्या फोटोपुढे ठेवलेला पेढा पोराच्या हातावर ठेवी. जित्याजागत्या माणसाला नैवेद्य म्हणून गावातले टवाळ हसत. स्वतःच्या पोराची वेळ आली की मात्र तेच सर्वांत आधी दारात हजर.

रोशनीनं तो पेढा पाचदा खाल्ला आणि पाचदा आपटली. सहाव्यांदा आनंदाबाईंना तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून गेलीच नाही, आणि नेमकी त्याच खेपेला पास झाली. तरी तिची श्रद्धा काही ढळली नाही. खोट आपल्यात होती, पेढ्यात नव्हे, असंच ती मानत आली.

आणि आज तो फोटो तिच्या शेजारी बसून रुमालानं मान पुसत होता. तिला खरंच वाटेना.

नत्थू शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला. त्यानं तो थेट रोशनीपुढे धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“आधी यांले दे,” ती घाईनं म्हणाली.

नत्थूनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, ग्लास कैलासच्या हाती दिला आणि आत निघून गेला.

“कितव्या अटेम्प्टले काढली तुमीनं?” पाणी पिऊन कैलासनं विचारलं.

हा प्रश्न आला की रोशनीचे कान अजूनही तापत. “सहाव्या,” ती म्हणाली.

“मंग मान काऊन खाली घातली?”

“तुमचं काय जी, तुमी पहिल्याच झटक्यात काढली. मी सिंदीचीच हाय. बापूरावची पोरगी, ते कापसाच्या जिनिंगमधी होते न, त्याईची.”

“असं का! मंग पेढा खाल्ला असन.”

“पाचदा.”

कैलास मोठ्यानं हसला. “मायनं मले पार देवच करून टाकलं बापा.” मग त्याचं हसू ओसरलं. “ती आता सेवाग्रामच्या दवाखान्यात हाय. डायलिसिस चालू हाय. म्हून तं पुणं सोडलं. ही जागा भेटली तं तिच्याजवळ राहता येईन. नाई तं परत जा लागते, आन ती काही गाव सोडत नाई.”

“तुमाले कोण नाई म्हणन? पहिला अटेम्प्ट हाय तुमचा.”

“पहिल्या अटेम्प्टनं पहिली नोकरी फटकन भेटली, खोटं काऊन बोलू? साहेब लोक खुर्चीतून उठून हात मिळवत. त्याच्यानंतर कोणी विचारलं बी नाई. मंग लोक कामच पाह्यते.” त्यानं रिकामा ग्लास बाकड्याखाली ठेवला. “अजून एक सांगू? हाताखालची पोरं नापास होऊन रडत येत, तं त्याईले काय सांगाव हेच मले समजे नाई. मी कधी पडलोच नाई न. तुमाले ते समजते. आत गेल्यावर सहावा अटेम्प्ट लपवू नका. तेच आधी सांगजा. म्हणा, पाचदा पडली, पण सोडलं नाई. मी त्या खुर्चीत असतो तं तुमालेच घेतलं असतं.”

रोशनी त्याच्याकडे बघतच राहिली. आई दवाखान्यात, जागा एकच, आणि हा माणूस अनोळखी बाईला तीच जागा कशी मिळवायची ते शिकवत होता. फोटोपुढे तिनं पाचदा हात जोडले होते, ते पास होण्यासाठी. आज काही मागायचं नव्हतं, तरी हात जोडावेसे वाटले. फोटोपेक्षा माणूसच मोठा निघाला होता.

“तुमची जागा मले देऊन राह्यले का?” तिनं विचारलं.

“देणारा मी कोण? खरं वाटलं ते सांगतलं.” त्यानं फाईल नीट केली. “तुमीच जा आधी. मी बसतो. घाबरू नका, होते चांगलं.”

रोशनी उठली. दार ढकलून आत गेली आणि ते मागे लोटून घेतलं. आत नत्थू टेबल पुसत होता.

“मॅडम, तुमी बाहेर काऊन बसल्या होत्या जी?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं. “पाठवू का त्याईले इंटरव्ह्यूले?”

टेबलाला वळसा घालून रोशनी आपल्या खुर्चीत बसली.

“इंटरव्ह्यू झाला,” ती म्हणाली. “त्याईले विचार, सोमवारपासून येता येईन का.”