घंटा

"आणखी चाळीस हजार भरा, तरच आज गाडी मिळेल," मॅनेजर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "नाहीतर बुकिंग रद्द. आणि ते पैसे परत मिळत नाहीत, बाई."

मंदाताई घरोघरी जेवणाचे डबे पुरवायच्या. ठरलेल्या किमतीची कशीबशी जुळवाजुळव करून त्या आज व्हॅन न्यायला आल्या होत्या, आणि हा बाबा आयत्या वेळी शब्द फिरवत होता. त्या ताडकन उठल्या. दारापाशी एक पितळी घंटा टांगलेली होती. नव्या गाडीची चावी मिळाली की गिऱ्हाइकानं ती वाजवायची आणि अख्ख्या शोरूमनं टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली पद्धत होती.

मंदाताईंनी दोरी धरून घंटा ठणाणा वाजवली.

सवयीनं सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. काउंटरवरच्या मुलीनं हसत पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

"पेढा नंतर," मंदाताई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मला गाडी मिळालेली नाही. साहेबांनी ठरलेली किंमत फिरवलीय आणि बुकिंगचे पैसेही गिळायला निघालेत. तुम्ही सही करताना सांभाळून!"

टाळ्या विरल्या. सोफ्यावर फॉर्म भरत असलेल्या जोडप्यानं पेनाला टोपण लावलं.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, आत बसून बोलू ना!"

"आत कशाला? इथंच बोला. सगळ्यांना ऐकू दे."

थोड्याच वेळात, ठरलेल्याच किमतीत, चावी त्यांच्या हातात पडली. त्या पुन्हा घंटेकडे वळल्या, तसा मॅनेजर घाईनं पुढे सरसावला. पण या वेळी टाळ्यांची सुरुवात सोफ्यावरच्या त्या जोडप्यानंच केली.

मंदाताईंनी काउंटरवरच्या मुलीपुढे हात पसरला. "आण आता तो पेढा."