हरवलेली छत्री

टीव्हीवरच्या लठ्ठ गुप्तहेराची छत्री हरवली, आणि बाबा हसले नाहीत.

दर भागात त्याची छत्री हरवते. खून पडलेला असतो, घरभर पाहुणे भेदरून उभे असतात, आणि हा पठ्ठ्या सोफ्याखाली वाकून छत्री शोधत असतो. गेली सहा वर्षं, रविवारच्या दुपारी, बाबा त्या छत्रीपायी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत आले होते. जुने भाग तर तोंडपाठ झालेले, तरी हसायचे. आज त्यांनी नुसता गुडघा चोळला.

लेक शेजारी बसून कपातला चहा ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

पाच दिवस झाले, गाडीची किल्ली सापडत नव्हती. दाराजवळच्या खिळ्यावर असायची, तिथं नव्हती. बाबांनी घर पालथं घातलं. गाद्या उचलल्या, बुटांत हात घालून पाहिले, कचऱ्याचा डबासुद्धा अंगणात ओतला. चौतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेला माणूस. घरातली सुई कुठं आहे ते विचारावं आणि त्यांनी बसल्या जागी सांगावं. दुसऱ्या दिवशी ते लेकीवर खेकसले, तिसऱ्या दिवशी स्वतःवर. चौथ्या दिवसापासून गप्प झाले.

किल्ली लेकीच्या पर्समध्ये होती, चष्म्याच्या रिकाम्या डबीत.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. गेल्या सोमवारी बाबांनी गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासली आणि वर विचारलं, "हा खांब कुठून आला?" तेव्हाच ती काय ते समजली. समोरचं ठीक होतं, कडेचं दिसेनासं झालं होतं. असलं काही ती दुकानात परक्या माणसांना रोज तोंडावर सांगते. बापापुढं मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग बाईसाहेबांनी सरळ किल्लीच लंपास केली. दोन दिवस शोधतील आणि नाद सोडतील, असं तिला आपलं वाटलं.

"बाबा, छत्री हरवली बघा त्याची," ती म्हणाली.

"त्याचं बरंय. त्याला शेवटी सापडते."

तिला आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. "तुम्हाला हा जाडोबा एवढा का आवडतो हो?"

बाबांनी जरा विचार केला. "मी जन्मभर माणसं पोचवली. कुणाला काय झालं, कुणामुळं झालं, मला कधी कळलं नाही. दवाखान्याच्या दारात उतरवायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. इथं कसं, शेवटी सगळे एका खोलीत बसतात. ज्यानं केलं तो म्हणतो, 'मी केलं.' आणि जाडोबा त्यालाही चहा विचारतो."

पडद्यावर खुर्च्या मांडल्या जात होत्या. बाबांनी आवाज कमी केला.

"परवा दवाखान्यात जाऊन येतो. डोक्याच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय."

"कशाला?"

"तुझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरली. मग रस्ता. मग आम्हाला."

लेक उठली, तिनं पर्स उघडली. चष्म्याची डबी खट्कन वाजली. तिनं किल्ली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"मी घेतली होती, बाबा. तुम्हाला कडेचं दिसत नाही. सांगायचा धीर झाला नाही."

ती ओरडा खायला उभीच राहिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं तिला. बाबांनी उचलून किल्लीच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी खिळ्यालाच अडकवली होती?"

"हो."

"मंगळवारी?"

"मंगळवारी संध्याकाळी. तुम्ही आत वळलात आणि मी काढली."

"नक्की ना?"

"नक्की, बाबा."

बाबांनी मोठा श्वास सोडला. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले. रागाचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर, आणि तेच तिला बघवेना.

"खांब खरंच दिसला नव्हता मला," ते म्हणाले. किल्ली त्यांनी तिच्याकडं सरकवली. मग सदऱ्याच्या खिशात बोटं घालून एक घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. "हे पण तूच फाडून टाक. आता नको ते."

ते उठून स्वयंपाकघराकडं निघाले. दारातून वळून म्हणाले, "तुझा चहा गार झाला असेल. दुसरा घेणार का, डॉक्टरीणबाई?"

टीव्हीवर कुणाला तरी छत्री सापडली होती, सगळे हसत होते. तिनं कागदाची घडी उलगडली. वर घरचा पत्ता होता, खाली तिचा फोन नंबर. मधोमध बाबांच्या मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं:

'हा माणूस सापडल्यास कृपया या पत्त्यावर पोचवावा.'