डोळ्यांनी पाहिलेलं

धामणगावची करिश्मा दिवाळीपासून अमरावतीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जात होती. आता कुठे तिला नीट झोप लागायला लागली होती, लहान पोरांची शिकवणीही तिनं पुन्हा सुरू केली होती. तेवढ्यात शेजारच्या दुर्गाकाकूंनी भरल्या हळदीकुंकवात सांगून टाकलं, "थे करिश्मा पागलायच्या डॉक्टरकडे जाते. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी शिकवणीला एकही पोर फिरकलं नाही. वर काकूच दारात येऊन हळहळल्या, "काही लागलं तं सांगजो वं माय, आमी हावोच ना." त्या गोड बोलण्याची करिश्माला अशी किळस आली, की काकूंनी पुढे केलेला तिळाचा लाडू तिनं हातातसुद्धा घेतला नाही.

काकू गेल्या आणि आईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "पण हे बाई तिथं काहून गेली होती वं?"

"पोराले घेऊन. शेखरले. माह्या बाजूच्याच बाकावर बसली होती, पदरानं तोंड झाकून."

आई ताडकन उठली. "थांब, आत्ताच सांगतो साऱ्या मोहल्ल्याले!"

करिश्मा दारात आडवी उभी राहिली.



"नको आई. काकूले काही होणार नाही. शेखर मात्र पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही."