चौथा डेस्कटॉप

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. संगणकावर उघडे डेस्कटॉप : चार. पहिल्यावर पत्रव्यवहार, दुसऱ्यावर भारांची आकडेमोड, तिसऱ्यावर एका गोदामाचा नकाशा. दूरस्थ बैठक सुरू होती आणि आरेखकाने आपला संपूर्ण पडदा सर्वांना दिसेल असा ठेवला होता. त्याची प्रत्येक रेघ तपासणारी अभियंता म्हणजे त्याची पत्नी. तीही शेजारच्या खोलीतून त्याच बैठकीत बसली होती.

चौथ्या डेस्कटॉपची तिला कल्पना नव्हती. तिच्यासाठी चाकांची खुर्ची घरात आली, त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "आपण बांधणार होतो त्या घराचं आता मनातून काढा. खोडून टाका." त्यावर "खोडलं," एवढेच त्याने सांगितले होते.

आकडेमोड दाखवून झाली. गोदामाच्या नकाशावर जाण्यासाठी त्याने टचपॅडवर चार बोटे सरकवली. एकदा पुरे होते. पण रोज काम आटोपल्यावर शेवटच्या डेस्कटॉपपर्यंत जायची बोटांना सवय. ती दोनदा सरकली.

गोदाम अलगद बाजूला गेले आणि पडदाभर एक घर उभे राहिले. उन्हाला नकाशात माप नसते, तरी त्याने ते काढले होते : खिडकीखालच्या फरशीवर, फिकट पिवळे. रस्त्यापासून मागच्या झाडापर्यंत जमीन कुठेही न अडखळता वाहत गेली होती. बैठकीतले चेहरे मागच्याच डेस्कटॉपवर राहिले. आवाज तेवढे इथवर आले, आणि त्या घराच्या आतल्या खोल्यांतून कोणी बोलत असावे तसे वाटू लागले.

"अहो, आमच्या पोत्यांची एवढी बडदास्त?" गोदामाचे मालक हसले. "आता खिडकीला पडदेही लावता की काय?"

आरेखकाची बोटे टचपॅडवरच होती, मागे सरकेनात.

एक श्वास ऐकू आला. आधी भिंतीपलीकडून, मग क्षणभराने स्पीकरमधून, तोच.

"खोडलं म्हणाला होतात," ती म्हणाली.

"पायऱ्या खोडल्या."

मालकांचे हसू थांबले. "चालू द्या तुमचं," ते हलकेच म्हणाले. "गोदाम काही पळून जात नाही." आणि त्यांच्याकडचा आवाज बंद झाला.

पडद्यावरचे ऊन जिथल्या तिथे होते.

"तपासणी म्हणून विचारते," तिने कामाचा सूर लावला, पण तो नीट लागला नाही. "खिडकीपाशी मोकळी जागा किती सोडलीत?"

"बाराशे मिलिमीटर."

"खुर्ची तिथवर जाईल. वळायची कशी?"

"तिथून तुला परत फिरावंसं वाटणार नाही, असं धरून चाललो होतो."

"हेच तुमचं नेहमीचं. तुम्ही धरून चालायचं आणि मी निस्तरत बसायचं!"

या वेळी आवाज फक्त भिंतीकडून आला. मग पॅसेजमधून चाके आली आणि या खोलीच्या अरुंद चौकटीशी थांबली. तिथूनच मान वाकडी करून तिने पडद्याकडे पाहिले. पाहता पाहता ती खिडकीजवळ गेल्यासारखी दिसली. डोळे किंचित मिटले, जणू ऊन लागले.

"झाड कसलं आहे?" तिने विचारले.

"अजून ठरवलं नाही. तुझ्यासाठी ठेवलंय."

"ते नंतर. आधी भिंत हलवा."

त्याने भिंत मागे ओढली. तिच्याबरोबर फरशीवरचे ऊनही रुंदावत गेले. ती "अजून," "अजून थोडी," म्हणत राहिली, आणि मग काहीच म्हणाली नाही, तेव्हा त्याने हात थांबवला.

मोकळी जागा : १५०० मिलिमीटर.